विनयपिटक आणि विद्यार्थ्याचे मनःस्वास्थ्य

गेल्या वर्षावासात विहारातील प्रवचन आटोपल्यावर एक भगिनी आमच्याजवळ येऊन थांबल्या. इयत्ता आठवीत शिकणारा त्यांचा मुलगा दोन महिन्यांपासून शाळेत जाण्यास टाळाटाळ करीत होता. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. एके दिवशी तर भर वर्गात त्याने बाक उलथवला आणि शिक्षकांना उलट उत्तर दिले. पुन्हा असे घडल्यास दाखला हातात देऊ, असे शाळेने बजावले होते. शेजारच्या एकाने 'बाहेरची बाधा असेल, एखाद्या बाबाकडे न्या' असा सल्ला दिला. एका धम्मबंधूने 'शिबिरात बसवा, ध्यानाने सर्व ठीक होईल' असे सांगितले. त्या मातेचा प्रश्न साधा होता : "जयभीम सर, आपल्या धम्मात अशा लेकरासाठी काही सांगितले आहे का?"

त्या वेळी उभ्या उभ्या जे सांगता आले ते सांगितले. पण हा प्रश्न एका घराचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले आणि त्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातील होती. म्हणून त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

मनाचा विषय निघाला की आपण सुत्तपिटकाकडे वळतो, आणि ते स्वाभाविक आहे. विनयपिटक मात्र भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणून बाजूस राहते. वस्तुतः विनयपिटक ही एका शिक्षणसंस्थेची दप्तरे आहेत. वेगवेगळ्या कुळांतून आलेले तरुण एकत्र राहतात, आचार्यांजवळ शिकतात, चुकतात, भांडतात, आजारी पडतात, आणि संस्थेने त्यांच्याशी कसे वागावे हे प्रसंगाप्रसंगाने ठरत जाते. मन बिघडलेल्या शिष्याविषयी संस्थेचे कर्तव्य काय, याचे उत्तर शोधावयाचे तर ते येथेच शोधले पाहिजे.

मनाचा आजार आणि कर्माचा दोष

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातील रोगसुत्तात भगवंतांनी रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत : कायिक आणि चेतसिक. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी असलेली माणसे आढळतात. परंतु मनाने क्षणभरही पूर्ण निरोगी असा, आस्रव क्षीण झालेल्या अर्हंताखेरीज, दुर्मिळ, असा त्याचा आशय आहे. येथे चेतसिक रोग हा शब्द क्लेशांच्या अर्थाने आला आहे. आजच्या वैद्यकशास्त्रातील मनोविकारांची ती यादी नव्हे, हे आम्ही मान्य करतो. तरीही त्यातून एक गोष्ट निश्चित निघते. मन आजारी पडणे ही कोणा एकाची नामुष्की नाही. ज्याला तसे होते तो आपल्यापासून वेगळ्या जातीचा प्राणी ठरत नाही.

दुसरी गोष्ट संयुत्तनिकायातील सीवकसुत्ताची. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचे फळ असते असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याविषयी आपले मत काय? उत्तरात भगवंतांनी वेदनेची आठ कारणे मोजून दाखविली : पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, स्वतःची नीट काळजी न घेणे, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि लोकांनी सत्य मानलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धावतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताला जो नकार दिला, तो या संदर्भात ध्यानात घेण्यासारखा आहे. मुलाला झोप येत नाही याचे कारण शरीरात, घरात, शाळेत, कोणी केलेल्या आघातात शोधावयाचे; त्याच्या नशिबात नव्हे आणि भुताखेतातही नव्हे. अघोरी उपचारांच्या विरोधात 2013 साली महाराष्ट्रात कायदा झाला. धम्मानुयायाला तर त्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नव्हते.

उपज्झायाची दोन क्रियापदे

महावग्गाच्या महाखन्धकात उपज्झाय आणि सद्धिविहारिक, म्हणजे दीक्षा देणारा गुरू आणि त्याच्यासोबत राहणारा शिष्य, यांची परस्परांविषयीची कर्तव्ये तपशिलाने दिली आहेत. उपज्झायाने शिष्याच्या ठिकाणी पुत्रभाव ठेवावा आणि शिष्याने गुरूच्या ठिकाणी पितृभाव, हा त्यांचा पाया आहे. पात्र, चीवर, स्नान, आजारपण यांसंबंधीच्या सूचनांबरोबरच तेथे मनाच्या तीन अवस्था नावानिशी येतात. पहिली अनभिरति, म्हणजे जेथे आहे तेथे मन न रमणे. दुसरी कुक्कुच्च, म्हणजे केल्या-न केल्याची सतत टोचणी. तिसरी दिट्ठिगत, म्हणजे मनात घर करून बसलेले चुकीचे मत. यांपैकी काहीही शिष्यात उत्पन्न झाले तर ते दूर करणे हे गुरूचे काम होय.

आजच्या शिक्षकाला ही तिन्ही माणसे वर्गात भेटतात. शाळेत मन न लागणारा, खिडकीबाहेर पाहत बसणारा मुलगा हा अनभिरतीचा. दोन गुण कमी पडले म्हणून रात्रभर जागणारी मुलगी ही कुक्कुच्चाची. 'मी मठ्ठच आहे, आमच्यातल्यांना गणित येतच नाही' असे ठाम धरून बसलेला विद्यार्थी हा दिट्ठिगताचा. आपण मात्र पहिल्याला आळशी, दुसरीला हळवी आणि तिसऱ्याला ढ म्हणून मोकळे होतो.

आता पालीच्या अभ्यासकाला विशेष वाटणारी गोष्ट अशी की, येथे क्रियापदे जोडीने आली आहेत. कुक्कुच्चाविषयी 'विनोदेतब्बं' आणि लगेच 'विनोदापेतब्बं'. पहिल्याचा अर्थ 'स्वतः दूर करावे'. दुसरे त्याचेच प्रयोजक रूप, 'दुसऱ्याकडून दूर करवावे'. अनभिरतीविषयीही अशीच जोडी आहे. गुरूला सर्व काही येत असेलच असे विनयाने गृहीत धरलेले नाही. शिष्याच्या मनाची टोचणी आपल्याच्याने दूर होत नसेल तर ज्याच्याने होईल त्याच्याकडे त्याला पोचविणे, हे त्याच कर्तव्याचे दुसरे अंग आहे. 'ते माझे काम नाही' असे म्हणण्यास जागा ठेवलेली नाही, आणि 'मीच बरे करीन' असा हट्ट धरण्यासही ठेवलेली नाही.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका 17 वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने मुलांच्या मनःस्वास्थ्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. शिक्षकांना व अन्य कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. त्या सूचना वाचताना आम्हांला 'विनोदेतब्बं' आणि 'विनोदापेतब्बं' या दोन शब्दांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

शब्दाचा आघात

तथापि आजार बरा करण्याआधी तो कोठून आला हे पाहिले पाहिजे. त्या मुलाशी दोन-तीनदा बोलल्यानंतर कळले की, वर्गात शिष्यवृत्तीच्या मुलांची नावे मोठ्याने वाचण्यात आली होती आणि तेव्हापासून काही मुले त्याला 'फुकट्या' म्हणून हाक मारीत होती. सीवकसुत्तातील 'बाहेरून झालेला आघात' हे कारण आमच्या मनात लगेच उभे राहिले.

भिक्खुपातिमोक्खातील पाचित्तिय शिक्षापदांपैकी दुसरे ओमसवादाविषयी, म्हणजे टोचून बोलण्याविषयी आहे. त्याच्या विवरणात माणसाला ज्या दहा बाबींवरून हिणवले जाते त्या मोजल्या आहेत. त्यांत पहिली बाब जाती आहे. पुढे नाव, गोत्र, काम, शिल्प यांच्यासोबत आजारही आहे. जातीवरून आणि आजारावरून टोचणे हा एकाच शिक्षापदाचा भंग आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हे शिक्षापद घालून देताना भगवंतांनी तक्षशिलेच्या नन्दिविसाल बैलाची कथा सांगितली, असे विनयात आहे. शंभर गाड्या एकापाठोपाठ बांधून ओढून दाखवीन अशी पैज त्याच्या ब्राह्मण मालकाने हजारांची लावली आणि ऐन वेळी बैलाला 'कूट' म्हणजे लबाड म्हणून हाकारले. बैल जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा पैज दोन हजारांची झाली. मालकाने गोड शब्दांनी हाक दिली आणि त्याच बैलाने शंभर गाड्या ओढल्या. बैलाचे बळ तेच होते. शिक्षकाने वर्गात उच्चारलेल्या एका शब्दाने किती गाड्या अडतात, याचा हिशेब आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दिला आहे.

हात उगारण्याविषयीही विनय स्पष्ट आहे. छब्बग्गिय भिक्खूंनी रागावून सत्तरसवग्गिय नावाच्या सतरा तरुणांच्या गटाला मारले, ते रडू लागले, आणि त्या प्रसंगावरून प्रहाराच्या निषेधाचे चौऱ्याहत्तरावे पाचित्तिय आले. आपल्या देशात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. त्याच कायद्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्या मातेला दाखल्याची जी धमकी मिळाली ती या कायद्याला धरून नव्हती, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

बाबासाहेबांचे बालपण आपण सर्व जाणतो. साताऱ्याच्या शाळेत बसावयास घरून नेलेले गोणपाट, शिपाई असेल तरच मिळणारे पाणी, या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. परंतु त्याच जीवनात कृष्णाजी अर्जुन केळुसकरही आहेत. मुंबईच्या चर्नी रोड बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली, पुस्तके दिली. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट केली. ते बाबासाहेबांच्या शाळेतील शिक्षक नव्हते. सिगालोवादसुत्तात आचार्याच्या पाच कर्तव्यांपैकी शेवटचे कर्तव्य शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हे सांगितले आहे. केळुसकर गुरुजींनी ते बागेत बसून पार पाडले. बाबासाहेबांची असामान्य धीरता हा आपला आदर्श खराच. पण 'बाबासाहेबांनी इतके सोसले, तुला एवढेही सोसवत नाही का?' असे आजारी मुलाला विचारणे हा त्या आदर्शाचा दुरुपयोग होय. बाबासाहेबांनी सोसले ते पुढच्यांना सोसावे लागू नये म्हणून.

राहुल आणि गग्ग

येथे शिक्षक एक रास्त शंका घेतील. बाक उलथवणाऱ्या प्रत्येक मुलाला आजारी म्हणावयाचे काय? शिस्त म्हणून काही आहे की नाही? विनयात आणि सुत्तात याचे उत्तर दोन व्यक्तींच्या द्वारे मिळते.

पहिली व्यक्ती राहुल. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक राहुलोवादसुत्तात भगवंत खोटे बोलण्याविषयी त्याला समजावतात. पाय धुऊन भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवितात, ते ओतून देतात, भांडे पालथे करतात, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच थोडे, टाकलेले आणि रिते होते असे सांगतात. मग आरशाचा दाखला देऊन, कोणतीही कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ती तपासून पाहण्यास शिकवितात. येथे मारहाण नाही, चारचौघांत पाणउतारा नाही आणि ढिलाईही नाही. सम्राट अशोकाने भाब्रू शिलालेखात ज्या धम्मग्रंथांचे वारंवार श्रवण व्हावे अशी इच्छा व्यक्त केली, त्यांत हा राहुलाला केलेला उपदेश आहे. ज्याचे मन ताळ्यावर आहे पण वर्तन चुकते, त्याच्यासाठी हा मार्ग.

दुसरी व्यक्ती गग्ग भिक्खू. त्याचे मन बिघडले होते. उपोसथ त्याला कधी आठवे, कधी आठवत नसे; कधी तो येई, कधी येत नसे. तेव्हा संघाने त्याला 'उम्मत्तकसम्मुति' द्यावी, असे भगवंतांनी सांगितले. तो आला काय किंवा न आला काय, त्याच्यासह वा त्याच्याविना संघ उपोसथ करील, असा तो रीतसर ठराव होता. संघकर्म अव्यंग राहावे हा त्याचा उघड हेतू. पण परिणाम असा झाला की, गैरहजेरीमुळे त्याच्यावर दोष आला नाही आणि संघातील त्याचे स्थानही गेले नाही. शिवाय जवळजवळ प्रत्येक शिक्षापदाच्या विवरणाअखेर, उन्मत्ताला आपत्ती नाही, असे वचन आहेच.

पुढची कथा चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात आहे. गग्ग बरा झाला. पण आजारात त्याने जे केले होते त्यावरून काही भिक्खू त्याला वारंवार दोष देऊ लागले. मी तेव्हा भानावर नव्हतो, मला ते आठवत नाही, असे तो परोपरीने सांगे. ते ऐकत नसत. गोष्ट भगवंतांच्या कानी गेली आणि त्यांनी 'अमूळ्हविनय' घालून दिला. आता भानावर आलेल्या भिक्खूने संघाकडे मागणी करावी, संघाने चौकशी करून ठराव करावा, आणि मग त्या काळातील कृत्यांवरून त्याला कोणी छेडू नये. आठवत असूनही आठवत नाही म्हणणाऱ्याला हा लाभ देऊ नये, अशी खबरदारीही त्यात आहे. वाद मिटविण्याच्या सात पद्धतींमध्ये अमूळ्हविनयाची गणना होते आणि पातिमोक्खाच्या शेवटी तिचा उच्चार होतो.

राहुलाला गग्ग समजणे ही चूक आहे, पण ती क्वचितच घडते. गग्गाला राहुल समजून त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणे, ही आपल्या शाळांत नित्य घडणारी चूक आहे. फरक ओळखण्यासाठी चौकशी लागते. मुलात अलीकडे एकाएकी बदल झाला काय? झोप, भूक, मित्र, खेळ यांतून त्याचे मन उडाले काय? जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलतो काय? अशी चिन्हे दोन-तीन आठवडे टिकली तर 'विनोदापेतब्बं' या शब्दाची वेळ आली असे समजावे. आणि जगणे नको झाल्याची भाषा असेल तर एक दिवसही न थांबता त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, ही भीती निराधार आहे. आपुलकीने विचारल्याने त्याला बोलावयास वाट मिळते.

ध्यानाची मर्यादा

त्या धम्मबंधूच्या सल्ल्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आनापानसतीचे मूल्य आम्ही जाणतो आणि मुलांना ती शिकविली जावी असेही आम्हांस वाटते. परंतु ब्रिटनमध्ये 85 शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर सजगतेच्या प्रशिक्षणाचा एक मोठा प्रयोग झाला; 2022 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, शाळेतील नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्याने मुलांचे मनःस्वास्थ्य अधिक सुधारले असे दिसून आले नाही. यात धम्माचा कमीपणा नाही. महावग्गाच्या चीवरक्खन्धकात पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडून राहिलेल्या भिक्खूची कथा आहे. भगवंतांनी त्याला तेथे ध्यानाचा उपदेश केला नाही. त्यांनी पाणी मागविले, स्वतः पाणी घातले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून, शुश्रूषा कोणी करावी याचा क्रमच लावून दिला : उपज्झाय असेल तर त्याने, नसेल तर आचार्याने, मग शिष्याने, मग सहाध्यायाने, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. न केल्यास दुक्कटाची आपत्ती.

कोणाचाच नाही असा एकही आजारी या क्रमात राहत नाही. आपल्या शाळेत आणि वस्तीत हा क्रम लावता येईल काय? वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, समुपदेशक, पालक, आणि कोणीच नसेल तेथे विहार. विहारातील रविवारच्या वर्गात येणाऱ्या मुलाची गैरहजेरी लागोपाठ दोनदा झाली तर कोणीतरी घरी जाऊन यावे. आपल्या समाजात शिक्षकांची आणि परिचारिकांची संख्या थोडी नाही; त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ विहाराला द्यावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय कोणत्या दिवशी असते, हे सूचनाफलकावर लिहावे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आणि बालकांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक त्याच फलकावर असावा. ही कामे लहान आहेत, पण 'विनोदापेतब्बं' या शब्दाचे आचरण यांतूनच होते.

त्या मुलाला जिल्हा रुग्णालयात नेण्यात आले. औषध आणि बोलणे असे दोन्ही उपचार सुरू झाले. कायद्याची कलमे दाखविल्यावर शाळेनेही दाखल्याची भाषा सोडली. दिवाळीच्या सुटीनंतर तो वर्गात परतला. आता तो झोपतो, जेवतो, गणितही सोडवितो. पण परवा त्याची आई पुन्हा भेटली आणि म्हणाली, "सर, 'फुकट्या' म्हणायचं थांबलं. आता 'वेडा' म्हणतात."

गग्गाचा आजार वैद्याने बरा केला असेल. परंतु त्याच्या नावामागे लागलेला शब्द संघाला ठराव करून काढावा लागला. आम्ही त्या शाळेच्या मुख्याध्यापकांची वेळ मागितली आहे. त्यांना अमूळ्हविनय हा शब्द सांगणार नाही. एवढेच सांगू की, हा मुलगा आजारी होता, आता बरा आहे, आणि त्या दोन महिन्यांवरून त्याला कोणी छेडणार नाही, हे आपण स्वतः वर्गात उभे राहून सांगा. प्रत्येक विहाराच्या परिसरात असा एखादा गग्ग असेल. वाचकांनी त्याचा शोध घ्यावा, ही विनंती.